मायग्रेनची रोजची गोळी आणि नववीचे मार्क: घसरले कशामुळे?

सातची_बस

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे, सेमी-इंग्लिश, नाशिक. सहावीपासून डोकं दुखायचं. आधी चष्मा झाला (नंबर निघाला पाव), मग सायनस झालं, मग पित्त झालं. सातवीत पाळी सुरू झाली आणि महिन्यातून दोनदा दुखणारं डोकं पाच-सहा वेळा दुखायला लागलं. कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकतात, उलटी होते, उजेड नको, फोडणीचा वास नको. अंधाऱ्या खोलीत तीन-चार तास झोपली की काही झालंच नाही अशी उठून बसते. म्हणूनच कोणाचा विश्वास बसत नाही.

आठवीच्या दुसऱ्या सत्रात, दुधाचा हिशोब लिहितो त्याच कॅलेंडरवर मी फुल्या मारायला लागले. डिसेंबर ७, जानेवारी ९, फेब्रुवारी ११. शाळा बुडाली अनुक्रमे ३, ४ आणि ५ दिवस. न्यूरोलॉजिस्टनी नीट तपासलं, डोळ्यांचा पडदा पाहिला, मायग्रेन आहे, एमआरआयची गरज नाही म्हणाले आणि दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची गोळी, टोपिरामेट, सुरू केली. रात्री २५ पासून हळूहळू वाढवत सकाळ-संध्याकाळ ५०. वजन ४८ किलो.

फुल्या कमी झाल्या. जूनमध्ये ५, जुलैत ३. आम्ही खूश. आणि मग पहिल्या घटक चाचणीचे पेपर हातात आले. ८० च्या घरातली मुलगी ६१ वर.

मार्क जातात-येतात, पण भूगोलाचा पेपर पाहून मी बसूनच राहिले. नदीच्या मुखाची आकृती सुरेख काढली होती, फाटे, गाळ, समुद्र, सगळं. नाव लिहायच्या जागी नुसती रेघ. विचारलं तर म्हणाली, "आई, मला माहीत होतं गं ते. शब्दच येईना. घंटा झाल्यावर आला, त्रिभुज प्रदेश." दोन दिवसांनी ओट्यापाशी बोट दाखवून म्हणते, "ते दे ना, ते... खोबऱ्याचं." किसणी! रोज हाताळते ती.

आजी म्हणते गोळ्यांनी पोरीचं डोकं बधिर केलं. बाबा म्हणतो मोबाईल. क्लासचे सर म्हणतात नववीचा अभ्यासच अवघड असतो. मला कळत नाहीये की मार्क मायग्रेनने खाल्ले की मायग्रेनच्या गोळीने. कोणाच्या मुलांना रोजची गोळी चालू आहे का? शाळेचं काय झालं?

ताकभात

अहो, ही अर्धशिशी. आमच्या आजोळी सूर्योदयाच्या आधी गरम जिलबी आणि दूध देत. कपाळाला सुंठ उगाळून लेप, नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब. एवढ्याशा वयात रोज मेंदूची गोळी म्हणजे मला तरी धसकाच वाटतो.

अर्धी_शिशी

जिलबी-दूध माझ्यावर झालेलं आहे. पहाटे साडेपाचला, डिसेंबरात, सलग तीन आठवडे. जिलबी आवडेनाशी झाली, डोकं दुखायचं थांबलं नाही. (पोटात सकाळी काहीतरी जायचं, एवढा गुण मात्र असावा. एरवी मी उपाशीच शाळेत जायचे.)

ताई, मी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तुमच्या लेकीच्या वयाची असताना माझ्या कंपासपेटीत दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी असायची. दहावीच्या वर्षी आठवड्यातून चार-पाच गोळ्या. दुखलं की घे, दुखेल असं वाटलं की घे. त्या गोळ्यांनीच डोकं रोज दुखायला लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी पट्टी काढून घेतली आणि प्रोप्रानोलॉल दिली (हीपण मायग्रेन रोखायची रोजची गोळी). पहिले पंधरा दिवस नरक होते. मग उतरलं. प्रोप्रानोलॉलने मला शब्द-बिब्द अडकल्याचं आठवत नाही, फक्त खो-खो खेळताना धाप लवकर लागायची.

पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. एक विचारू? तिला बोटांना मुंग्या येतात का?

सातची_बस

येतात! बोटांना आणि ओठांभोवती. आणि सोडा प्यायली तर म्हणते, "हा शिळा आहे का?" मला वाटलं लिंबू सरबताची सवय झालीय.

रविवारची_ओपीडी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही, आणि मुलीला तपासलेलं नाही. तेवढं गृहीत धरून वाचा.

मुंग्या, सोड्याची चव जाणं, भूक मंदावणं आणि नेमका शब्द न सुचणं, हे चारही टोपिरामेटच्या खात्यातले आहेत. किसणीचा किस्सा तर मी वेगवेगळ्या वस्तूंच्या नावांनी अनेक आयांकडून ऐकलाय. कुणाची चिमटा, कुणाची झारी. मूल मठ्ठ झालेलं नसतं. आकृती काढता येते, गणित सुटतं, पण शब्द जिभेवर येऊन अडतो आणि लिहिण्याचा वेग पडतो. तीन तासांच्या पेपरात ते महागात जातं. औषध वाईट आहे असं नव्हे. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या मुलांना मायग्रेन होऊ नये म्हणून द्यायला त्याला २०१४ साली मंजुरी मिळाली आणि पुष्कळ मुलांना ते विनातक्रार चालतं. तुमच्या लेकीला चालत नसावं, एवढंच. डोस कमी केला किंवा औषध बदललं की हे सहसा जातं.

दोन गोष्टी आजच करा. एक, किसणी आणि भूगोल, दोन्ही किस्से तारखेसकट लिहून तिच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. "मार्क कमी झाले" एवढंच सांगितलंत तर ते नववी म्हणून सोडून देतील. दोन, गोळी मनाने बंद करू नका. हळूहळू उतरवायची असते. तोवर पाणी भरपूर, या औषधाने घाम कमी येतो आणि मुतखड्याचा धोकाही थोडा वाढतो.

आणि सगळं गोळीवर ढकलू नका. मायग्रेनचा दिवस एका फुलीत मावत नाही. आदल्या संध्याकाळी जांभया, चिडचिड, गोड खावंसं वाटणं. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर असतो तसा रिकामेपणा. पोरगं बाकावर असतं, पण वर्गात नसतं. हजेरीपटावर ते 'हजर' आणि तुमच्या कॅलेंडरवर कोरं.

हिशेबनीस

मी डॉक्टर नाही, पण आकडे वाचायला आवडतात. मुलांच्या मायग्रेनवरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग २०१७ साली छापून आला. चॅम्प नावाचा. अमेरिकेतली ८ ते १७ वयाची ३६१ मुलं, तीन गट: अमिट्रिप्टिलिन (तीही मायग्रेन रोखायला देतात), टोपिरामेट आणि औषध नसलेली नुसती साखरेची, म्हणजे खोटी गोळी. २४ आठवडे. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने तरी कमी झालेली मुलं अमिट्रिप्टिलिनवर ५२ टक्के, टोपिरामेटवर ५५ टक्के आणि खोट्या गोळीवर ६१ टक्के. प्रयोग मध्येच थांबवला, कारण पुढे चालवून फरक दिसण्याची आशा नव्हती. त्रास मात्र खऱ्या गोळ्यांचे जास्त. टोपिरामेटवर ३१ टक्के मुलांना मुंग्या.

मग हे सगळं कशासाठी? ताकभात यांची जिलबीसुद्धा ६१ टक्क्यांत बसेल की!

ताकभात

बघा, आले ना जिलबीवर :)

रविवारची_ओपीडी

हिशेबनीस, आकडे बरोबर, वजाबाकी चुकली. त्या ६१ टक्क्यांतल्या मुलांना नुसती खोटी गोळी मिळाली नव्हती. ती डोकेदुखीची डायरी लिहीत होती, ठरावीक दिवसांनी दवाखान्यात जात होती, दुखल्यावर काय घ्यायचं आणि किती लवकर ते त्यांना माहीत होतं. शिवाय गोळीवरचा भरवसा, आणि आजाराची आपली भरती-ओहोटी. मायग्रेन वाईट काळात असतानाच लोक डॉक्टरकडे येतात, त्यानंतर तो थोडा आपणहून उतरतोच. मी त्यातून शिकलो ते असं, की गोळीभोवतीचं जे काही आहे ते गोळीइतकंच मन लावून करायचं. आणि गोळी दिलीच तर दोन-तीन महिन्यांनी हिशोब मागायचा, वर्षानुवर्षं चालू ठेवायची नाही.

प्रोप्रानोलॉलच्या बाजूनेही थोडाफार पुरावा आहे, पण दम्याच्या मुलांना ते चालत नाही. आपल्याकडे फ्लुनारिझिन खूप दिलं जातं. त्याने झोप येते, वजन वाढतं, काही मुलं उदास होतात. वयात आलेल्या मुलींना व्हॅल्प्रोएट शक्यतो नकोच, पुढे गर्भाला धोका असतो. थोडक्यात, अमक्याच्या मुलीला लागू पडली म्हणून आपल्या मुलीला, असं या गोळ्यांत चालत नाही.

ओहायोचा_पाहुणा

हा धागा माझ्या घरचाच. मुलगा १५ वर्षांचा, सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात डोकेदुखीच्या क्लिनिकला जातो. वरच्या प्रयोगाची मुख्य मंडळी तिथलीच. त्यांचा आणखी एक अभ्यास २०१३ चा आहे, तो मला जास्त कामाचा वाटला. १० ते १७ वयाची, महिन्यातले निम्मे किंवा जास्त दिवस डोकं दुखणारी १३५ मुलं. सगळ्यांना अमिट्रिप्टिलिन. निम्म्यांना सोबत सीबीटी, म्हणजे समुपदेशकाबरोबर बसून श्वास, स्नायू सैल सोडणं, दुखण्याच्या भीतीशी कसं वागायचं याचा सराव. उरलेल्यांना तेवढाच वेळ डोकेदुखीबद्दल नुसती माहिती. २० आठवड्यांनी डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले ते सीबीटी गटात ६६ टक्के मुलांचे, माहिती गटात ३६ टक्के.

पहिल्यांदा सुचवलं तेव्हा बायको रागावली होती. "म्हणजे त्याचं दुखणं मनाचं आहे म्हणतात का?" तसं कोणी म्हणालं नाही. मुलाला स्क्रीनसमोर बसवून बोटाचं तापमान दाखवायचे आणि संथ श्वासाने ते वाढवायला शिकवायचे. त्याला तो व्हिडिओ गेमच वाटला.

तिथे पहिल्या भेटीतच सहा प्रश्नांचा कागद देतात, पेडमिडास नावाचा. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे किती दिवस पूर्ण शाळा बुडाली, किती दिवस अर्धी, किती दिवस शाळेत असूनही निम्म्याहून कमी काम झालं, किती दिवस गृहपाठ राहिला, आणि खेळ-समारंभांचे दोन प्रश्न. बेरीज करायची. १० पर्यंत नगण्य, ३० पर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. सातची_बस, तुमच्या फुल्यांत तिसरा प्रश्न नाहीये.

हिशेबनीस

ओपीडीकाका, वजाबाकी मान्य. पण माझा मूळ मुद्दा वेगळा होता आणि तो आता पाहुण्यांनी पुरा केला. हे प्रयोग डोकेदुखीचे दिवस मोजतात, फार तर हा सहा प्रश्नांचा कागद. मार्क त्यांच्या मोजमापात नाहीत. आणि चॅम्पमध्ये या कागदाच्या बेरजेतही तीन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे फुल्या ११ वरून ३ वर आल्या याचा अर्थ शाळा सुधारली असा होत नाही. ते दोन वेगळे रकाने आहेत.

खडूफळा

मी माध्यमिकला शिकवते, २२ वर्षं. शिक्षकांची बाजू सांगते, चिडू नका.

६५ मुलांच्या वर्गात रोज चार जण "मॅडम, डोकं दुखतंय" म्हणतात. त्यातलं कोण खरं, हे मला तासाच्या ३५ मिनिटांत कळत नाही. माझ्याकडूनही एकदा चूक झाली. एका मुलीला मी "गणिताच्याच तासाला बरं दुखतं तुझं" असं वर्गासमोर म्हणाले होते. गणित चौथ्या तासाला असायचं, मधल्या सुट्टीच्या आधी. पोरगी सकाळी सहाला घरून अर्धा कप चहावर निघालेली. पोटात काही नाही, खिडकीतून थेट ऊन, वर फडफडणारी ट्यूबलाइट. दुखणार नाही तर काय? हे मला तिच्या आईने नंतर सांगितलं. २०२४ साली सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी नकोत असं परिपत्रक काढलं, पण आमच्या आठवी-नववीच्या पोरांच्या झोपेचा विचार कोण करतो?

तर ताई, डॉक्टरांची फाईल शाळेत आणू नका, कोणी वाचत नाही. एक पान आणा. आजाराचं नाव, दुखायला लागल्यावर कोणती गोळी किती आणि लगेच द्यायची, नंतर अर्धा तास कुठे पडू द्यायचं, पाण्याची बाटली बाकावर राहू द्यावी, दुसऱ्या तासानंतर दोन घास खाऊ द्यावेत, उन्हातल्या पीटीला सावलीत उभं करावं. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या घ्या. सही झाली की ते सगळ्यांचं होतं, नाहीतर बदली शिक्षिका आली की पुन्हा पहिल्यापासून.

ओहायोचा_पाहुणा

अगदी. इथे त्या एका पानाला ५०४ प्लॅन म्हणतात, १९७३ च्या कायद्यातलं कलम. वर्गात टोपी घालायची परवानगी, नर्सच्या खोलीत अर्धा तास, परीक्षा असेल तर नंतर देता येते. पण इथेही आई-बाप मागे लागल्याशिवाय ते पान तयार होत नाही.

गोळीवाला

माझं मेडिकलचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन "तीच द्या" म्हणणारे पालक महिन्याला दोन-तीन तरी येतात. मूल एव्हाना दहा किलोंनी वाढलेलं असतं. काहींचं डोकं दुखायचं केव्हाच थांबलंय, गोळी चालूच. आणि दुसऱ्या बाजूला साधी वेदनाशामक गोळी पंधरा-पंधरा दिवस नेणारे. मी विचारतो, कोणाला आवडत नाही.

सातची_बस (सप्टेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

पेडमिडास मागच्या फेब्रुवारीपर्यंतच्या तीन महिन्यांचा काढला, लेकीला शेजारी बसवून. ३८ आला. त्यात पूर्ण बुडालेले १२ दिवस मला माहीत होते. "शाळेत होते पण काहीच कळत नव्हतं" असे ९ दिवस तिने सांगितले ते मला अजिबात माहीत नव्हते. का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, "घरी आले असते तर तू ऑफिसातून निघाली असतीस." आताचा आकडा मात्र काढला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही किस्से शांतपणे ऐकून घेतले आणि टोपिरामेट उतरवायला घेतलं. लहानपणी तिला दम्याची उबळ यायची, म्हणून प्रोप्रानोलॉल बाद. आता अमिट्रिप्टिलिन १० ची एक गोळी, रात्री आठला. मूडवर लक्ष ठेवा, खूप गप्प राहिली किंवा वेडंवाकडं बोलली तर त्याच दिवशी फोन करा असं दोनदा बजावलं. सकाळी तिला उठवणं म्हणजे पोतं उचलणं झालंय. गणपतीत गल्लीतल्या ढोलांनी तीन दिवस आडवी होती, त्या फुल्या तिने स्वतः मारल्या.

आजी अजून रागावलेली आहे, पण सातच्या बसच्या आधी पोरीला थालीपीठ मिळतं ते आजीमुळेच.

अर्धी_शिशी

झोपेचं साधारण दोन-तीन आठवड्यांत कमी होतं असं माझ्या मैत्रिणीचं झालं. तोंडाला कोरड पडेल, बाटली जवळ ठेवा. आणि चतुर्थीचे उपवास तूर्त बंद करा, देव समजून घेईल.

सातची_बस (डिसेंबर)

धागा वर काढतेय.

सप्टेंबर ते नोव्हेंबरचा पेडमिडास १४. फुल्या महिन्याला ४-५, म्हणजे टोपिरामेटवर जुलैत होत्या त्यापेक्षा जास्तच. पण आता मी गोलही करते, शाळेत असून नसल्याचे, आणि ते तीन महिन्यांत मिळून ४ झाले. सत्र परीक्षा ७२ टक्के. हे बदललेल्या गोळीने झालं, थालीपिठाने, त्या एका पानाने (हो, सह्या झाल्या), की दोन तपासण्यांच्या मधल्या भरती-ओहोटीने, ते हिशेबनीस सांगतील. शब्द परत आलेत. इतके आलेत की काल माझ्याशी अर्धा तास वाद घातला.

समुपदेशकाकडे चार वेळा जाऊन आली. श्वासाचा सराव ती करत नाही असं मला वाटायचं, पण बसमध्ये करते म्हणे.

आता एकच प्रश्न. डॉक्टर म्हणतात, अशीच राहिली तर पुढे गोळी कमी करून बघू. समोर दहावी. कधी करावं? कोणी बोर्डाच्या वर्षात बंद केलीय का?

अर्धी_शिशी

डॉक्टर ठरवतील, पण मेमध्ये करा असं सुचवून बघा. माझी प्रिलिमच्या तोंडावर बंद केली होती. विज्ञान भाग २ च्या पेपरला मी पर्यवेक्षकांच्या टेबलाशेजारच्या बादलीत उलटी केली. सुट्टीत काय ते एकदा कळलं असतं तर जूनमध्ये पुन्हा सुरू करता आली असती.

रविवारची_ओपीडी

मेला माझंही अनुमोदन. हळूहळू, आणि फुल्या चालू ठेवून. मात्र सुट्टीत शाळा नसते, बसही नसते, म्हणून मेमधल्या कोऱ्या पानांवर लगेच विसंबू नका. खरी परीक्षा जून-जुलैत.

सातची_बस

नोंदवलं. नवीन वर्षाचं कॅलेंडर परवाच आणलं. फुल्या आणि गोल आता तीच करणार म्हणते, त्यासाठी जांभळा पेन घेतलाय. दुधाचा हिशोब मला वहीत लिहायला सांगितलंय.